गव्हात लावलेल्या गाड्या

आमच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त झाल्यावरही व्याख्यानं द्यायचे आणि त्यांच्या प्रत्येक व्याख्यानात एकच काळजी असायची : देशात माणशी लागवडीची जमीन आटत चालली आहे. आजोबांच्या काळी केवढी होती, आता केवढी उरली, हे ते दोन्ही हात आधी लांब फाकवून आणि मग जवळ आणून दाखवायचे. मग समोरच्यांकडे अशा नजरेनं बघायचे, की मधली सगळी जमीन आम्हीच गिळली असावी.

मी मराठवाड्यातली. दिल्लीत सरकारी नोकरी, सरोजिनी नगरात क्वार्टर. माझ्या आजी-आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली. आमच्या घराण्याच्या नावाचा सातबारा कधी नव्हताच. साहेबांच्या सरासरीत मात्र आम्हालाही वाटा होता. भागाकाराचं काय जातं, तो सगळ्यांनाच देऊन टाकतो. हे मी त्यांना कधी बोलले नाही. समजून घेण्याएवढी हुशारी त्यांच्यात आहे, असं मला वाटत नसे.

एका फेब्रुवारीत त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना गुरुग्रामच्या पलीकडे आपल्या ‘शेतीवर’ जेवायला बोलावलं. नवरा, मुलगी आणि मी गेलो. फाटकातून आत शिरलं की उजवीकडे गव्हाचा एक पट्टा होता, लोंब्या नुकत्या भरू लागलेल्या. तेवढीच शेती. त्यामागे बंगला, पोहण्याचा तलाव आणि नजर पोचेल तिथवर हिरवळ. साहेब सगळ्यांना हिंडवून दाखवत होते. जमिनीची नोंद शेतीची राहावी म्हणून गहू दरवर्षी पेरावा लागतो, आणि तलावाला सरकारदरबारी शेततळं म्हणायचं, हेही त्यांनी हसत हसत सांगितलं. ऐकणारे तोंडभर कौतुक करत होते. त्यांतल्या निम्म्यांना असंच काहीतरी घ्यायचं होतं.

माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली. तिनं एक लोंबी हातात धरून विचारलं, “आई, गेहूँ असा असतो?” मी तिला दाणा सोलून दाखवत होते, तेवढ्यात गाड्यांची रांग वाढली आणि फाटकात कोंडी झाली. कुणीतरी आपली गाडी हिरवळीवर घेतली. साहेब धावतच आले. ते गवत बंगलोरहून मागवलं होतं, चाकं गेली की डाग पडतात. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना गाड्या गव्हात लावायला सांगितल्या. एकामागून एक गाड्या पिकात शिरल्या. मुलगी माझा हात धरून बघत राहिली.

मी साहेबांपाशी गेले. “सर, गवत वाचवायला गहू तुडवायचा?”

“अगं, तो दाखवायला पेरलाय,” ते म्हणाले. “खायला थोडाच?”

त्यांना माझा प्रश्न कळलाच नव्हता. लाज वाटली असती, निदान चिडले असते, तरी मी त्यांना माणसात धरलं असतं. ते मला पनीर गरम आहे तोवर घ्यायला सांगत होते.

मी नवऱ्याला निघू या म्हटलं. त्याला सपाटून भूक लागली होती आणि न जेवता निघणं त्याला उद्धटपणाचं वाटत होतं. तरी तो निघाला. वाटेत एका ठेल्यावर आम्ही छोले-कुलचे खाल्ले. निदान पनीर संपेपर्यंत तरी थांबायचं होतंस, असं तो दोनदा म्हणाला, आणि मग हसला.

पुढे साहेबांनी ती जमीन बिल्डरला दिली. तिथं आता टॉवर उभे आहेत आणि त्यांतल्याच एका फ्लॅटमध्ये साहेब राहतात. बाल्कनीत कुंड्यांमधून कोथिंबीर लावतात आणि तिला शहरी शेती म्हणतात. मध्यंतरी त्या विषयावर बोलायला त्यांना कुठंतरी बोलावलं होतं. बोलावणारे मिळतातच.