वाऱ्यावर तापणारी खोली

निघताना मी हीटरचं बटण बंद केलं. घराबाहेर पडताना गॅस बघायचा, दिवे-पंखे बंद करायचे, मग कुलूप, अशा घरात मी वाढलो. खोलीत माणूस नाही आणि काहीतरी चालू आहे, हे आमच्या वडिलांना सहनच होत नसे. त्यामुळे हात आपोआप गेला. डोकं त्याच्या मागून आलं, पण बऱ्याच उशिरा.

ही गोष्ट दोन हजार सातच्या हिवाळ्यातली. राहायला आम्ही एडिसनला, पण कंपनीनं मला अलास्काच्या पार उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावात धाडलं होतं. बर्फावर शिकारीला जाणाऱ्यांसाठी गावापासून लांब एक निवाऱ्याची खोली होती. स्टोव्हचं तेल संपलं की ती गार, आणि उणे तीसमध्ये गार खोली म्हणजे नुसत्या चार भिंती. म्हणून आम्ही शेजारी एक छोटी पवनचक्की उभारली. तिची वीज थेट हीटरमधल्या जड विटा तापवायची, म्हणजे वारा पडला तरी विटा ऊब देत राहणार.

शेवटचा शब्द गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा. त्यांचे दोन्ही मुलगे बर्फावर जात. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांची अट साधी होती : मी येऊन बसेन. अंगातला कोट काढावासा वाटला तर चक्की राहील, नाहीतर उतरवा आणि घेऊन जा.

त्यांनाच आणायला मी निघालो होतो, तेव्हाचं ते बटण.

आता, अशा चक्कीला हीटर हाच लगाम. तो काढला की पाती मोकाट सुटतात, मग ब्रेक आपोआप लागतो आणि माणसानं जाऊन सोडवल्याशिवाय सुटत नाही. हे मला तोंडपाठ होतं. गावकऱ्यांना यावर मी चांगलं लांबलचक भाषणही ठोकलं होतं.

मावशींना स्नोमोबाइलवर मागे बसवून परतलो, तर वारा थोबाडीत मारतोय आणि पाती मात्र गप्प उभी. विटा पुरत्या तापायच्या आतच बटण बंद झालेलं, त्यामुळे आत तोंडातून वाफा निघत होत्या. मावशींनी कोटाची टोपी आणखी पुढे ओढली आणि बाकावर बसल्या. मी खरं ते सांगून टाकलं, बटण चालू केलं, बाहेर जाऊन ब्रेक सोडवून आलो आणि थर्मासमधला आल्याचा चहा पुढे केला.

बटण बंद करायला तुला शिकवलं कोणी, त्यांनी विचारलं. वडिलांनी, मी म्हणालो. मावशींच्या लहानपणी घरात उबेसाठी सीलच्या तेलाचा दिवा असे, आणि तो कोणी विझू दिला की त्यांची आई दिवसभर त्याच्याशी बोलत नसे.

"तुझ्या वडिलांचं आणि माझ्या आईचं काही जमलं नसतं," त्या म्हणाल्या.

विटा सावकाश तापतात. त्या कशा तापतात हे मी समजावू लागलो, तर मावशींना डुलकी लागली. मी आपला त्यांच्या कोटाच्या चेनकडे बघत बसलो. उठल्यावर त्यांनी हातमोजे काढले. ते अटीत नव्हते. मग टोपी मागे टाकली. तीही नव्हती. मग आणखी चहा मागितला, चेन अर्ध्यावर आणली आणि तिथंच थांबल्या. शेवटी कोट काढून त्याची घडी घातली आणि त्यावरच बसल्या.

"मुलांना सांगते, इथं थांबत जा म्हणून," त्या म्हणाल्या. "पण त्या बटणावर चिकटपट्टी लाव. तुझ्यासारखा आणखी एखादा यायचा."

गावात पोचल्यावर बायकोला फोन करून सगळं सांगितलं, पट्टी तेवढी वगळून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान झालं हो," ती म्हणाली. "आता मीही इथलं हीटिंग जरा वाढवते. या घरात आल्यापासून मी काही अजून कोट काढलेला नाही."