पासष्टचा आकडा

सोलर वॉटर हीटरच्या मिस्त्रीला पाली-उंदरांची किळस नव्हती. गच्चीवर त्याचा दिवस त्यांच्याच संगतीत जायचा. किळस यायची ती खोट्या आकड्याची. पाण्याचं तापमान मोजणारा नवा सेन्सर तो आधी बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात बुडवून बघायचा आणि मगच बसवायचा. घरचे त्याला ‘डॉक्टर’ म्हणून चिडवत.

त्याची बहीण वर्षभर सांगत होती की सोलरच्या नळाला थंडगार पाणी येतं. मेहुणे सोलरच्या कंट्रोलरवरचा पासष्ट अंशांचा आकडा दाखवून तिलाच वेड्यात काढत होते. शेवटी तिने भावाला बोलावलं.

मिस्त्रीने कंट्रोलर उघडला आणि त्याचं तोंड कडू झालं. आधीच्या कारागिराने टाकीचा बिघडलेला सेन्सर काढून तिथे दीडदमडीचा रेझिस्टर जोडला होता. त्यामुळे आकडा कायम पासष्ट, आणि टाकी तापलेलीच आहे असं समजून गच्चीवरच्या पॅनेलमधून पाणी फिरवणारा पंप कधी चालूच होत नव्हता.

‘थू! हे काम आहे की घाण?’ म्हणत त्याने पारखलेला सेन्सर बसवला. आकडा धाडकन बावीसवर आला.

मेहुणे खवळले. ‘बिघडवलंस ना? आधी पासष्ट तरी दाखवत होतं!’

‘अहो भाऊजी, वर्षभर आंघोळ करताय, अंगाला काही कळलं नाही?’

‘काय कळायचंय? बाथरूममध्ये गेलो की बादली भरलेली असते, चांगली कढत!’

‘ती मी भरते,’ दारातून बहीण म्हणाली. ‘गॅसवर तापवून.’