सगळ्यात शेवटी जैनब

करीमभाई गेल्याचे कार्ड मला बदलीच्या गावी, श्रीरामपूरला मिळाले, तेव्हा त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. पाथर्डीकडच्या गावांतून फिरून मुलांना देवी टोचण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. त्यांच्या नोकरीची शेवटची चार वर्षे मी त्यांच्या हाताखाली होतो. मी शिकून आलो होतो, पुस्तके घेऊन आलो होतो... हाताला वळण मात्र त्यांनी लावले.

नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी स्वतःची चूक सांगत. एका उन्हाळ्यात बहिणीच्या गावी त्यांनी मुलांना टोचले. आठव्या दिवशी परत जाऊन लस धरली की नाही, हे पाहायचे असते. ते गेले नाहीत. पुढे गावात देवीची साथ आली. टोचलेल्यांपैकीही काही मुले दगावली. त्यांत बहिणीची जैनब होती, चार वर्षांची. एवढे सांगून ते म्हणत, "ही चूक जुनी झाली, मास्तर. तुम्ही करायचीच तर नवी करा." पुस्तकांमुळे ते मला मास्तर म्हणत.

एकदा लिंबाखाली भाकरी खाताना मी सहज विचारले, "टोचलेल्यांपैकी वाचली कोणती?"

"पाटलाच्या आळीतली. सुरुवात तिथून केली होती." मग ते बोटांवर एकेक घर सांगू लागले. वाचलेली सारी सकाळी टोचलेली, गेलेली सारी दुपारी. लशीच्या नळ्या सायकलवरच्या पत्र्याच्या डब्यात उन्हाने तापत गेल्या होत्या आणि दुपारपर्यंत लस निकामी झाली होती. इतकी वर्षे सांगूनही हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

"आणि जैनबला?" मी विचारायला नको होते.

"सगळ्यात शेवटी. घरचं पोर आधी टोचलं असतं तर लोक काय म्हणाले असते? जेवून उठलो, मग टोचलं..."

उरलेली भाकरी त्यांनी फडक्यात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते उजाडताच निघू लागले. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवीत आणि ऊन चढले की काम थांबवीत. तालुक्याच्या बैठकीत त्यांनी उभे राहून सारे सांगितले. हळूहळू इतरांनीही दुपारचे टोचणे सोडले. बहिणीला मात्र त्यांना सांगवेना. "तिला वाटतं, अल्लानं नेली. तसंच राहू द्यावं का हो?" त्यांनी मला विचारले. माझ्या एका प्रश्नाने त्यांच्या पदरी नवे दुःख आले होते, एवढेच मला कळत होते.

कार्ड आल्यावर मी बानूबींना, त्यांच्या बहिणीला, भेटायला गेलो. त्यांना काय ठाऊक आहे, याचा अंदाज नव्हता, म्हणून जैनबचा विषय काढला नाही. त्याच म्हणाल्या, "भाईनं सांगितलं मला, मागल्या ईदला. लई रडला. मीबी रडले. मग इचारलं, आता सकाळी टोचलेली पोरं जगत्यात का? म्हनला, जगत्यात." पदराने तोंड पुसून त्यांनी विचारले, "नव्या मान्सांना आता तुमी सांगता नव्हं? नाव घेता का तिचं?"

मी 'एक मुलगी' म्हणून सांगत असे. तसे कबूल केले.

"घेत जा," त्या म्हणाल्या.

परवा एक नवा माणूस आमच्याकडे रुजू झाला. त्याला समोर बसवून मी ते गाव सांगितले, तो उन्हाळा, तो पत्र्याचा डबा, घरांचा क्रम. शेवटच्या घरापाशी आलो आणि सवयीने 'एक मुलगी' म्हणून गेलो. मग मी तिचे नाव सांगितले.