लोपेतीच्या भुवया

आपल्या बेटावर हो म्हणायला तोंड लागत नाही. भुवया उडवल्या की झालं. पण माझा धाकटा दीर लोपेती म्हणजे त्यातला राजाच! लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं, "ही बायको कबूल?" ह्यानं भुवया उडवल्या. पाद्री आपलाच, चालवून घेतलं. जाऊबाई, मेलेनाइते, अजून म्हणते, "मला हो म्हटलंय कुणी? भुवयांशी लग्न लागलंय माझं."

मग ती मोठी लाट आली. माझी चूल नेली, डुकरं नेली. तेव्हा कुठं शहरातल्या कचेरीला जाग आली, आणि लाटेची खबर आधी मिळावी म्हणून त्यांनी समुद्रात डबे सोडले. पाण्याखाली रेडिओ चालत नाही म्हणे, म्हणून डबे एकमेकांना आवाज देतात. तळातला ओरडणार, "पाणी हललं!" वरचा म्हणणार, "पोचलं." पोचलं ऐकू येईस्तोवर तळातला ओरडतच राहतो, माझ्या सासूसारखा. मग तरंगतं पिंप कचेरीला कळवतं, कचेरी रेडिओवर बेटाला कळवते, आणि बेटानं रेडिओवर "पोचलं" म्हणायचं नि भोंगा वाजवायचा. एवढ्या शहाण्या डब्यांच्या टोकाला बसवलं कुणाला? आमच्या लोपेतीला! पंचांना त्याच्याहून बोलका माणूस सापडेना.

चाचणीच्या दिवशी कचेरीतली लविनिया, आपल्याच बेटाची पोर, रेडिओवर विचारायची, "काका, निरोप मिळाला का?"

काका भुवया उडवायचे.

"काका?"

अजून वर उडवायचे. टोपीत शिरायच्या तेवढ्या राहिलेल्या.

मग चटई विणता विणता मेलेनाइते ओरडायची, "हो म्हणतोय गं तो!" झाली ना ती मधला डबा! पण ती कधी चर्चला गेली, कधी माहेरी गेली, की चाचणी बुडायची. शेवटी कचेरीचा निरोप आला: "तुमच्या बेटावरून उत्तरच येत नाही. या वेळी आलं नाही, तर डबे उचलून शेजारच्या बेटाला देऊ."

माझे गुडघे हे असे. आधी कळलं तरच टेकडी चढणार ना मी!

चाचणीला सगळी गोळा झालो. मेलेनाइते चटईवर बसली तोंड मिटून. मी म्हटलं, "अगं, बोल की!"

"नाही बोलणार, ताई. उद्या मी मेले तर? भुवयांवर गाव वाचवणार का हा?"

रेडिओ खरखरला. "काका, मिळाला का?"

भुवया वर.

"काका, शेवटचं विचारते."

लोपेतीला घाम फुटला. माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि असा ओरडला, "हो! हो! मिळाला!" बाहेर कोंबड्या उडाल्या.

मेलेनाइते चटईत तोंड खुपसून म्हणते, "पोचलं हो, पाद्रीबाबा!"

पण रेडिओ गप्प. लोपेती परत "हो" म्हणाला. गप्पच. मग मात्र तापला गडी. "अगं पोरी, ऐकलंस का नाही? तोंड नाही का तुला?"

तिकडून लविनिया चाचरत म्हणाली, "ऐकलं, काका. मी... मी भुवया उडवल्या ना! डबे राहतील."