झाकलेलं घड्याळ

आमच्या घराच्या मागच्या खोलीत आत्या राहायची आणि तिच्या दारापाशी फरशी कधीच सुकायची नाही. गल्लीतली पोरं तिला ‘टपटप’ म्हणायची. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू? मागच्या दोरीवर रोज तीस-चाळीस फडकी वाळत असायची, सगळी एकाच मापाची, पण ती धुणारी बाई कधी कुणाला दिसायची नाही. शिंप्याकडचे शर्ट तिच्या खिडकीतून आत जायचे आणि काज-बटणं होऊन खिडकीतूनच बाहेर यायचे. शिंपी म्हणायचा, “टाके माणसाचे वाटत नाहीत हो.”

एकोणीस वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण याच घरात झालं. मूल मेलेलं जन्मलं आणि तेव्हापासून तिची लघवी थांबेना. नवऱ्यानं पाठ फिरवली. कुणी बाधा म्हणालं, कुणी करणी. ती मागच्या खोलीत गेली ती गेलीच.

माझ्या लग्नाआधी एक नर्सबाई गल्लीत यायच्या. आत्याच्या खिडकीखालच्या ओट्यावर आम्हा मुलींना बसवून बाळंतपणाबद्दल सांगायच्या. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत खिदळायचो. पालथ्या घड्यावर पाणी! वर खिडकीतली सुई तेवढा वेळ थांबलेली असायची. ते दिसूनही मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे पहिलटकरीण म्हणून मी माहेरी आले. आमच्याकडच्या सुईणीची एक रीत होती. कळा सुरू झाल्या की घड्याळ बंद करून झाकायचं, कारण वेळ मोजली की म्हणे वेणा लांबतात. सकाळी सहाला आईनं स्टुलावर चढून घड्याळावर टॉवेल टाकला आणि खिडक्या लावून घेतल्या. खोलीत दिवस आहे की रात्र, काही कळेना.

काही वेळानं मागच्या भिंतीतून आवाज आला. ठक्. मग बऱ्याच वेळानं दोनदा. मग तीनदा.

सुईण पुटपुटली, “तिचं मेलेलं पोर आहे ते. सोबत मागतंय.”

सात ठोके झाले, आठ झाले. कळ ओसरली की मी पुढच्या ठोक्याची वाट बघायची. मला न्यायला कुणीतरी एकेक पाऊल जवळ येतंय, अशी माझी खात्रीच झाली होती. आईचा हात मी इतका आवळला की तिची बांगडी वाकली. बाळ काही हलेना.

बारा ठोके पडले आणि दार उघडलं.

दारात आत्या होती. एका हातात गजराचं छोटं घड्याळ, दुसऱ्या हातात जड कात्री, जिनं ती भिंतीवर ठोके देत होती. या खोलीत ती एकोणीस वर्षांनी पाऊल टाकत होती.

“बारा तास झाले, वहिनी. हिला दवाखान्यात ने.”

“थोडा दम धर,” सुईण म्हणाली. “डोकं खाली आलंय.”

“माझ्याही बाळाचं आलं होतं.”

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फरशीवरच्या ओल्या पावलांकडे. मग ती अनवाणीच रिक्षा आणायला धावली.

पोट उघडून मुलगी काढली. जन्मताच तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा आत्या भिंतीला टेकून उभी होती, कारण ती कुणाच्या खुर्चीवर बसत नसे. बाईंनी तिला तपासलं.

“करणी वगैरे काही नाही,” त्या म्हणाल्या. “बाळ फार वेळ अडकलं की आतला भाग दबून मरतो आणि तिथं भोक पडून लघवी गळत राहते. शस्त्रक्रियेनं बहुतेक जणी बऱ्या होतात.”

“ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. “नर्सबाई सांगायच्या. पण त्या पोरींना सांगत होत्या, मला नाही.”

मला तोंड लपवावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. “तुम्ही किती तास अडला होतात?”

आत्यानं आईकडे पाहिलं.

“कसं सांगू?” आई म्हणाली. “तेव्हाही घड्याळ मीच झाकलं होतं.”