नारळ तिसऱ्या अंकात

नाट्यकला माणसाला त्याचे खरे रूप दाखवते. हे वाक्य आमच्या हेडमास्तरांनी शाळेच्या फळ्यावर लिहिले होते. खाली, त्याच वळणदार अक्षरात, प्रयोगाला येताना प्रत्येकाने बसायला आपापले पोते आणावे अशी सूचना होती. पोती सगळ्यांनी आणली. खऱ्या रूपाचे काय झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-चार वर्षे. नागपुरात बी.ए. होऊन मी वडसा स्टेशनाच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होते अशा एका गावात शिक्षक झालो होतो. धान घरी आले की तिकडे गावोगावी नाटके होत आणि ती शेतकरीच करत. हेडमास्तरांना मात्र इंग्रजी नाटक हवे होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले एक हलकेफुलके नाटक त्यांच्या आधीच्या हेडमास्तरांनी मराठीत आणून एका गोऱ्या जंगलसाहेबापुढे केले होते. साहेब हसला होता, एवढी आठवण गावात होती. कशाला हसला, ती नव्हती. आता त्याच जीर्ण वहीवरून ते पुन्हा उभे राहणार होते आणि शाळा तपासणारे डिप्टीसाहेब ते पाहायला येणार होते. वहीत लंडनचे नागपूर झाले होते, पण बर्फ तसाच राहिला होता.

नाटक नाटकवाल्यांचेच होते. एक नटी लग्नासाठी कंपनी सोडते, घरंदाज सासरी गुदमरते आणि तिसऱ्या अंकात परत येते. नटीचा पार्ट एका शेतकऱ्याकडे होता. वय चाळिशीच्या आसपास, तीन मुलांचा बाप. पंधरा हिवाळे तो लुगडे नेसून राण्या आणि सुना करत आला होता. मिशा फक्त पावसाळ्यात ठेवायचा. पण शेजारच्या गावाने नागपूरहून खरी बाई आणली होती आणि आमच्या पंचांनाही तशी हवी होती. हा प्रयोग पाहून काय ते ठरवू, असे ते म्हणाले होते.

"गुर्जी, शेती त सारेच करतेत," तो मला म्हणाला. "मले हे एकच येते."

आमच्या त्या झाडीपट्टीत नाटक सुरू होते ते नारळ फुटल्यावर. त्याआधी रंगमंचावर कोणी काहीही करो, पडदे बांधो की पेटीचे सूर तपासो, लोक तिकडे बघत नाहीत. वहीप्रमाणे तिसऱ्या अंकात कंपनी नवे नाटक सुरू करते आणि तिथे नांदी होऊन नारळ फुटतो. एकाच नाटकात दोन नांद्या साहेबांना चमत्कारिक वाटतील म्हणून हेडमास्तरांनी पहिली नारळासकट काढून टाकली. साहित्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड होते.

साहेबांना रात्रभर बैलगाडीने जाऊन सकाळची आगगाडी गाठायची होती, म्हणून प्रयोग भर दुपारी लागला. मी वही घेऊन पडद्याआड उभा होतो. पहिला अंक झाला. लोक बिड्या ओढत, जावयांच्या चौकशा करत बसले होते. दुसऱ्या अंकात नटीचा निरोप होता. आमचा माणूस खरोखर रडत होता. पुढच्या पोत्यावरून एका म्हाताऱ्याने विचारले, "काऊन गा भाऊ, सुपारी हाये काय?" त्याने हुंदका न मोडता मानेनेच नाही म्हटले. एक बाई ओरडली, "लुगडं वर धर नं, माती लागून राह्यली!"

मला काही समजेना. माणसे तीच, गेल्या महिन्यात दुसऱ्या एका नाटकात ढसाढसा रडलेली.

तिसऱ्या अंकात नांदी झाली, नारळ फुटला, आणि सगळे गाव हात जोडून उभे राहिले. बिड्या विझल्या. चिंचेखाली रेंगाळलेली मंडळी धावत आली. नटी परत आली, तिला वाक्ये फक्त तीन होती, ती लोकांनी श्वास रोखून ऐकली. पाव तासात पडदा पडला.

कोणी उठेना.

"चला मास्तर, पुढचं होऊ द्या," मोठे पंच म्हणाले.

"नाटक संपलं," हेडमास्तर म्हणाले.

"आत्ता त नारळ फुटला!"

"त्याच्या आधीचे दोन अंक?"

"थे त तालीम होती."

"तालीम नव्हती हो! नाटकवाल्यांचं नाटक होतं!"

"तेच त म्हणून राह्यलो मी."

डिप्टीसाहेबांनी मला हळूच विचारले, "हे लोक नाटकातलेच का?" ते गाडीसाठी निघून गेले.

तेवढ्यात आमची नटी पदर खोचत पुढे आली. "मास्तर, नारळ फुटला नं? मंग पहिल्यापासून करू."

केले. वाक्ये तीच, लुगडे तेच, मातीही तीच. दुसऱ्या अंकात सुपारीवाला म्हातारा डोळे पुसत होता. निरोप घेताना नटी म्हणाली, "पंधरा हिवाळे मी तुमच्यासमोर रडली. आता घरी बसून कोणासमोर रडू?" मी पानावर बोट फिरवत राहिलो. हे वाक्य वहीत नव्हते. नाटकातल्या नटीला रंगभूमीवर येऊन तर दोनच वर्षे झाली होती.

नाटक संपल्यावर मोठे पंच धोतराच्या सोग्याने डोळे टिपत त्याच्यापाशी आले. "लई रडवलं बाप्पा. तुह्यासारखी बाई नाई." मग जरा घुटमळले. "पण नागपूरले चिठ्ठी परवाच गेली."

पुढच्या हिवाळ्यात नागपूरची बाई वडशाला उतरली. इथून पुढे दिवसभर जंगलातून बैलगाडीने जायचे, हे कळल्यावर ती त्याच आगगाडीने परत गेली. पार्ट त्याच्याकडेच राहिला.