दातांखालची राख

टीचरक्का कुणाला उभं राहू द्यायची नाही. पोस्टमन असो, वीजमीटर बघणारा असो, नाहीतर पत्रकांचा गठ्ठा घेऊन धापा टाकत आलेली मी. सगळ्यांना एकच हुकूम : "बैस आधी." मला बसणं जमत नाही. हे लिहितानाही चारदा उठून झालंय.

ती आमच्या गल्लीत, तंजावूरच्या राजवाड्यामागं राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, मुलगा होसूरला. रविवारी सकाळी तिच्या गच्चीवर लिहायचा वर्ग भरे. फी नाही, फळा नाही. आम्ही सगळी घरात मराठी बोलणारी, पण ती मराठी तमिळ अक्षरांत लिहिणारी. देवनागरी मी मागाहून हट्टानं शिकले. वर्ग सुरू व्हायचा तो एकाच वाक्यानं : "आज डोळ्यांना सुट्टी." मग मिटल्या डोळ्यांनी पुढं केलेल्या हातात काहीतरी पडायचं. चिंचेचा गोळा, विहिरीचा ओला दोर, कोमेजलेला गजरा. त्यावर लिहायचं, पण वस्तूचं नाव घ्यायचं नाही. मी एकदा गजऱ्याला 'सुंदर' म्हटलं. "सुंदर म्हणजे काय गे? गार की गरम? चिकटतं का बोटांना?" झालं, वही परत.

खरं तर मी तिथं लिहायला शिकायला गेलेच नव्हते. माझ्या पत्रकावर तिची सही घ्यायला गेले होते. कालव्यापलीकडच्या राईस मिलमध्ये भाताचं तूस जाळतात आणि त्याची राख आमच्या गल्लीवर पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्यावर, झोपलेल्या बाळांवर. कुणी बोलायचं नाही, कारण गल्लीतले निम्मे तांदूळ तिथूनच उधारीवर येतात. टीचरक्काचा खोकला तर पार जिन्यापर्यंत ऐकू यायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं : राख बंद करा, नाहीतर घर बदला. मुलगा होसूरला न्यायला टपलेला. ती म्हणायची, "तिथं मी कुणाला बैस म्हणू? लिफ्टला?"

माझं पत्रक तिनं चष्मा लावून वाचलं. विषारी, अमानुष, नफेखोर, धिक्कार. मला वाटलं, आता पाठ थोपटेल.

"सगळं आहे की. राख कुठाय?"

"अक्का, राखेवरच तर आहे!"

"नाही गे. नुसता आरडाओरडा आहे. माझ्या जिभेवर काही पडलं नाही. बैस."

त्या रविवारी तिनं विषय दिला : मिलमालकाची सकाळ, त्याच्या नाकानं. मी ताडकन उठले. लोक खोकून मरताहेत आणि मी त्याच्या नाकात शिरू? "त्याच्या नाकाला एसी आहे!" मी ओरडले.

"म्हणजे त्याला काही कळतच नाही," ती शांतपणे म्हणाली. "तेच लिही की."

मी चप्पल घालून निघून गेले. आठवडाभर धुमसत होते. ज्यांचे कपडे पांढरे राहतात त्यांना समजून घ्यायचं काम नेहमी काळ्या कपड्यांच्याच गळ्यात का? हा प्रश्न मी अजूनही सोडलेला नाही. पण धुमसता धुमसता एक गोष्ट डोक्यात घुसली. त्याला कळत नसेल, तर त्याला इथं आणला पाहिजे.

नवं पत्रक चारच ओळींचं झालं, वडामवर, म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या कुरडयांवर. 'तुमच्या मिलच्या तांदळाचे वडाम आम्ही गच्चीवर वाळत घालतो. सकाळी पांढरे असतात, संध्याकाळी करडे. तळले तरी कचकचतात. या, एक चाखून जा.'

ते गावभर फिरलं. लोक मिलच्या फाटकावर जाऊन विचारायला लागले, "काय साहेब, वडाम खाल्ला का?" शेवटी लाजेकाजेस्तव तो आलाच, सोबत प्रदूषण तपासणीचा अधिकारी. मालकाच्या कमरेला पांढरी वेष्टी, मनगटावर जाड घड्याळ. टीचरक्कानं दोघांना चटईवर बसवलं आणि ताट पुढं केलं.

"आज डोळ्यांना सुट्टी," ती धाकट्या भावाला सांगावं तसं तमिळमध्ये म्हणाली. "मिट, तंबी. आता खा."

त्यानं खरंच डोळे मिटले. दोनदा चावलं, थांबला, गिळावं की थुंकावं ते त्याला कळेना. अधिकारी त्याच्याकडे बघत राहिला. मला घोषणा द्यायची होती. अक्कानं माझा हात घट्ट दाबून धरला.

धुराड्यावर जाळी बसवायचं त्यानं तिथंच कबूल केलं. ती बसेपर्यंत वाट बघायला मात्र अक्काची छाती तयार नव्हती. मुलगा गाडी घेऊन आला. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "राख थांबली की आलेच. कुंड्यांना पाणी घाल, आणि घालताना धावू नकोस."

जाळी बसली. गच्ची खरोखरच स्वच्छ राहायला लागली. मी फोनवर रोज सांगायची, ती रोज हसायची. होसूरला कशालाच वास नाही म्हणायची, लोकांनासुद्धा नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "बॅग भरतेय. एकदा गच्चीवर जा नि सांग. डोळ्यांना सुट्टी."

मी चटईवर बसले. डोळे मिटले. "शेजारचा कुकर. डोशाचा वास. कुंडीतली माती ओली. कठडा तापलाय."

"आणि तोंडात?"

मी जीभ दातांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. डोळ्यांना न दिसलेली राख दातांखाली होतीच. नाही म्हटलं असतं तर ती संध्याकाळच्या गाडीत बसली असती.

"सांग ना गे."

"कचकच."

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. उघडली की लावली, कळलं नाही. मग ती खोकली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर खेकसली :

"मग बैसलीस काय? ऊठ!"